फळ्यावरची स्कूटर

रास्ता पेठेत, टायरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर
साडेसात ते नऊ मी परदेशी निघालेल्या नर्सना
इंग्रजी शिकवतो.
खालून रबराचा वास येतो, आणि पाना पडल्याचा आवाज
नेमका कर्मणी प्रयोगाच्या मध्यावर.

आज पुट.
पुट ऑन, घालणे. पुट ऑफ?
"काढणे," सगळ्या एका सुरात.
नाही. पुढे ढकलणे.
पुट आउट, विझवणे. पुट अप विथ, सहन करणे.
"ठेवणे, वर, बरोबर," बोटावर मोजत शाहीन आतार म्हणाली,
"यात सहन कुठाय सर?"
सहन तुम्ही करायचं, मी म्हटलं. पाठ करा.
कोणी हसलं नाही.

मग सर्वनामाचा नियम.
पुट इट ऑफ म्हणायचं, पुट ऑफ इट नाही.
का, ते सांगता येईना, म्हणून फळ्यावर स्कूटर काढली.
पुढे क्रियापद, अर्थातच विना हेल्मेट.
मागे ते टीचभर अव्यय, एका बाजूला पाय सोडून.
इट इतकं लहान, की ते मधे दाबूनच न्यायचं,
शनिपाराच्या सिग्नलला दोघांच्या मधे
झोपलेलं पोर असतं तसं.
मोठं नाम असेल, नवऱ्याच्या ऑपरेशनची तारीख वगैरे,
तर ते मागून रिक्षाने येऊ दे.
हे मात्र त्यांनी लिहून घेतलं.

लुकपर्यंत साडेआठ झाले.
लुक फॉर, शोधणे. लुक इनटू, चौकशी करणे.
लुक आफ्टर, काळजी घेणे.
घोरपडीची एस्तेर रणपिसे दाराजवळ बसते,
दहाला तिची नाइट असते म्हणून.
ती म्हणाली, "आफ्टर म्हणजे नंतर ना?
नंतर बघणे?
आमच्या घरी नंतर बघू म्हणजे कधीच नाही.
गळका नळ, दादाचं लग्न, पप्पांचा एक्स-रे."

पाठ करा, असं मी म्हणणारच होतो.

"पण आहे खरं तसं," तीच पुढे म्हणाली, बहुधा स्वतःशी.
"डॉक्टर बघतात, ते आधी.
राउंड संपतो. नातेवाईक डबे घेऊन लिफ्टने जातात.
दिवे बंद होतात.
तीन वाजता अकरा नंबरचे आजोबा
सलाईनच्या नळीला सुनेच्या नावाने हाक मारतात.
सगळ्यांचं बघून झाल्यावर
जे बघायचं राहतं, ते."

खाली कोणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं.
मी घाईघाईने सांगितलं, की हे व्युत्पत्तीला धरून नाही,
परीक्षेत असलं काही लिहू नका.

घरी जाताना क्वार्टर गेटला सिग्नल लागला
आणि माझ्याच भाषेने मला गाठलं.
बोलून गेलो. कुठे गेलो?
करून टाकलं. टाकलं कुठे?
रुसून बसली, ती कुठल्या खुर्चीवर?
बावीस वर्षं इंग्रजीला वेडी ठरवत आलो,
आणि आमची क्रियापदं
एकमेकींच्या पाठीशी अशी उभी, कधी विचारलं नाही कशाला.

रडून घे, म्हणाली होती ताई,
आई गेली त्या सकाळी, ससूनच्या जिन्यात.
घे.
म्हणजे कोणीतरी देत होतं.
मी तेव्हा फॉर्म भरत होतो, रिक्षाचे पैसे, दाखल्याच्या प्रती.
पुढे ढकललं.
पुट, आणि ऑफ, आणि मधे ते इट,
इतकी वर्षं दाबून नेलेलं,
झोपलंय की काय, मागे वळून पाहिलंही नाही.

शनिवारच्या चाचणीत एस्तेरने लिहिलंय:
आय लुक आफ्टर.
पुढे पूर्णविराम. कर्म नाही.
नियमाने अर्धा मार्क जायला हवा.
लाल पेन उघडून ठेवलंय.
नंतर बघतो.